डावीकडचा भार

भंगारातून आणलेली गोल्फ कार्ट फिटरने घरच्या गॅरेजमध्ये नव्यासारखी केली, पण एक खोड काही केल्या जाईना. रिकामी गाडी डावीकडे कलायची.

त्याने डावी स्प्रिंग बदलली, टायर बदलला. जमिनीवर पाणसळ ठेवली, तर जमीन सरळ. तीच पाणसळ गाडीत पायाखालच्या पत्र्यावर आडवी ठेवली, की बुडबुडा उजवीकडे पळायचा. चिडण्यापेक्षा त्याला आता गंमतच वाटू लागली होती.

"तुमच्यापेक्षा हट्टी निघाली म्हणायची," बायको दारातून म्हणाली.

"अगं, तू जरा डावीकडे बस. भार पडल्यावर किती दबते ते बघू."

ती हात पुसत निघाली. फिटर पाणसळीवर वाकला. बुडबुडा हलला, सरकत सरकत मधोमध येऊन थांबला. गाडीची डावी बाजू वर आली होती.

बायको अजून दोन पावलं लांब होती.

"झाली की सरळ," ती बसत म्हणाली. "उगाच आठवडाभर डोकं खाल्लंत माझं."

तिच्या पाठीला पाठ लावून असलेली मागची रिकामी सीट करकरली, आणि सावकाश, अगदी अदबीने खाली दबली.