घोडा सोड

इंग्लंडमधल्या केम्प्टनची शर्यत सुरू व्हायला आली होती आणि लॅपटॉपवर लेझी मार्मलेडचा भाव दियाला हवा तसाच उतरत होता. नाव आळशाचं असलं तरी घोड्याला आज भलतीच मागणी होती. दियानं तो मघाशी चढ्या भावाला घेतला होता, आणि तेही शिकवणीच्या खात्यातली सगळी रक्कम लावून. एवढी मोठी उडी ती पहिल्यांदाच मारत होती.

रुबेन अंकलनी शिकवलेला हा धंदा ऐकायला सरळ होता. घोडे धावायच्या आधी सट्ट्याच्या बाजारात त्यांचे भाव, म्हणजे घोडा जिंकला तर एका पौंडामागे मिळायचे पैसे, वरखाली होतात; मागणी वाढली की भाव उतरतो. चढ्या भावाला घोडा घ्यायचा, भाव उतरला की दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा आणि मधला फरक खिशात टाकून शर्यतीकडे पाठ फिरवायची. मग तो पहिला येवो की शेवटचा, आपल्याला त्याचं सोयरसुतक नाही. घोडे सुटायच्या स्टॉलची दारं उघडल्यावरही थांबतो तो जुगारी, असं अंकल म्हणायचे. त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. खात्यातले पैसे संपले की शिकवणी संपली. पदरचे पुन्हा घालायचे नाहीत.

दियाला खरी धास्ती होती ती या दुसऱ्या नियमाची, आणि ती पैशांसाठी नव्हे. बेसिंगस्टोकमधल्या कंपनीनं घरी बसवल्यापासून ती दुपारपर्यंत अंथरुणातच लोळत असायची. एकदा आईनं मसालेभाताचा डबा देऊन तिला समोरच्या घरी पिटाळलं. तिथे मुंबईहून आलेले हे म्हातारे मराठी ज्यू गृहस्थ किचनच्या टेबलावर दोन स्क्रीन मांडून बसले होते. तेव्हापासून दिया रोज न्हाऊनधुऊन एक वाजता तिथे हजर. अंकलनाही ते हवंच होतं. बहीण इस्रायलला, अश्दोदमध्ये मुलांकडे राहायला गेल्यापासून त्यांच्याशी मराठीत बोलणारं कोणी उरलं नव्हतं. दियाची मराठी तोडकीमोडकी, पण तिच्या निमित्तानं त्यांची स्वतःची मराठी हळूहळू जिभेवर परत येत होती.

घोडे स्टॉलमध्ये शिरू लागले. एरवी या वेळी अंकल "आउट" म्हणायचे आणि दिया विकायचं बटण दाबायची. आज ते चहा गाळत ओट्याशी उभे होते. शिष्येची कामगिरी बघून मनातून हरखले होते, आणि त्या भरात तोंडून मराठीच निघाली.

"छान. आता घोडा सोड."

दियानं बटणावरचं बोट उचललं.

दारं उघडली. अंकल दोन कप घेऊन तिच्याशेजारी येऊन बसले. शर्यत बघायला ते कधी थांबत नसत, आज थांबले. लेझी मार्मलेड सगळ्यांच्या पुढे होता. काय पळतोय बघ, असं ते कौतुकानं म्हणालेसुद्धा. दियाचं बोट पुन्हा बटणाकडे गेलं. पण अंकल इतके निवांत बसलेत म्हणजे त्यांना काहीतरी ठाऊक असणार, असं वाटून तिनं ते मागे घेतलं. शेवटचं वळण संपलं आणि घोडा नावाला जागला. एकामागून एक चार जण त्याला मागे टाकून गेले.

"हरला बिचारा," अंकल म्हणाले. "आपलं काय जातंय."

मग त्यांना दियाचा चेहरा दिसला, आणि त्यानंतर स्क्रीन. खातं रिकामं झालं होतं.

"मी सोड म्हणालो होतो ना तुला?"

"मी सोडली ना, अंकल." दिया स्क्रीनकडे बघत म्हणाली. "घोडा सोड म्हणजे लेट हिम रन. नाही का?"

हातातून टाकून दे आणि मोकळी हो, असं अंकलना म्हणायचं होतं. लगाम सोड आणि धावू दे, असं तिनं ऐकलं होतं. तिच्या बाजूनं बघितलं तर तिचंही काही चुकलं नव्हतं. ते कपाळाला हात लावून बसले, मग हसू लागले, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागले.

दियाला हसू येत नव्हतं. नियम तिला पाठ होता. तिनं लॅपटॉप मिटून बॅगेत घातला, न प्यायलेला चहा सिंकमध्ये ओतला, कप विसळून ठेवला. दाराशी जाऊन मात्र तिचा पाय निघेना. सांगायचं पुष्कळ होतं आणि मराठी पुरत नव्हती.

"थँक यू, अंकल. तुम्ही होता म्हणून मी रोज उठली."

"उद्या एकला ये."

"अकाउंट संपला, अंकल. शिकवणी पण संपला."

"घोड्यांची संपली. उद्यापासून मराठी." त्यांनी पुन्हा चहाचं आधण चढवलं. बोलले ते त्या भांड्याकडे बघतच. "माझ्या मराठीवर आजवर कोणी एवढं लावलं नव्हतं, दिया."

बॅग तिथेच टाकून दिया परत आली आणि तिनं त्यांना घट्ट मिठी मारली. अंकलना अशा गोष्टींची सवय नव्हती. ते हात लोंबते ठेवून अवघडून उभे राहिले. शेगडीवर चहा वर येऊ लागला.

"सोड आता. उतू जाईल."

या वेळी तिला अर्थ बरोबर कळला होता. तिनं सोडलं नाही.