चौऱ्याऐंशी, बाण खाली

चौऱ्याऐंशी. शेजारी खाली झुकलेला बाण.

उपेंद्रने मोबाइलच्या पडद्यावरून बोट ओढलं. आकडा तोच. पुन्हा ओढलं. तोच. शेवटचं रीडिंग अर्ध्या तासापूर्वीचं होतं.

आकडा दर पाच मिनिटांनी बदलायला हवा होता. तो इथे तमिळ मुलखात ओरगडमला, ट्रकच्या कारखान्यात. निधी तिकडे तांबरमला, शाळेत, नववीच्या वर्गात. तिच्या दंडावर चिकटवलेला सेन्सर रक्तातली साखर मोजायचा, दप्तरातल्या फोनला कळवायचा आणि तो फोन बापाला. तिला मधुमेह निघाल्यापासून उपेंद्रचा दिवस या आकड्याभोवतीच फिरत होता. जेवताना, मीटिंगमध्ये, मशीनसमोर उभं असताना. बाण जरा झुकला की तो शाळेच्या ऑफिसला फोन लावायचा. मग शिपाई वर्गात जायचा, निधी उठायची आणि सगळा वर्ग मान वळवून बघायचा. मागच्या आठवड्यात तर गणिताचा पेपर चालू होता.

त्याने निधीचा नंबर लावला. स्विच ऑफ.

निधीकडचा फोन तिच्या आईने, हेमलताने वापरून बाजूला टाकलेला, जुना. सेन्सरवाल्यांनी कधीच कळवलं होतं की या मॉडेलवर नवीन सिस्टिम टाकलीत तर आमचं अ‍ॅप बंद पडेल. फोन मात्र रोज विचारायचा, अपडेट करू का? रोज ‘नंतर’ दाबायचं, हे त्याने निधीला बजावून ठेवलं होतं. दुसरा फोन घेऊ घेऊ म्हणत राहून गेलं होतं. जे चालतंय त्याला हात लावू नये, असं त्याचं मशीनच्या बाबतीतही मत होतं.

शाळेच्या ऑफिसातला फोन नुसताच वाजत राहिला. हेमलता अंबत्तूरच्या ऑफिसात, मीटिंगमध्ये. तीही उचलेना.

“चार्जिंग संपलं असेल रे,” शेजारच्या टेबलावरचा काशिनाथ म्हणाला.

“बाण खाली होता,” उपेंद्र म्हणाला आणि बाइकची किल्ली घेऊन निघाला.

वाटेत पडप्पैला रस्ता तुंबला होता. पुढे नव्या कोऱ्या गाड्या लादलेला लांबलचक ट्रेलर आडवा होऊन वळत होता. उपेंद्रने हातमोजा दातांनी ओढून काढला, बोट ओढलं. चौऱ्याऐंशी. एकदा घरी निधीची साखर अशीच उतरली होती. भाजी चिरता चिरता ती थांबली आणि आईला विचारू लागली, आपण कुठे आलोय? डोळे उघडे, पण त्यात ओळख नाही. ते डोळे आता त्याला रस्ताभर दिसत होते. वर्गात मागच्या बाकावर डोकं टेकून पडली असेल. सगळ्यांना वाटेल, झोपलीय.

शाळेच्या गेटवर वॉचमनने हात आडवा घातला. उपेंद्रला सात वर्षांत शिकलेलं सगळं तमिळ त्या क्षणी आठवेनासं झालं.

“एन पोण्णु,” तो म्हणाला. माझी मुलगी. “शुगर. शुगर!”

वॉचमनने त्याचा चेहरा पाहिला आणि बाजूला झाला.

जेवणाची सुट्टी झाली होती. मैदानाच्या कडेला, कडुलिंबाच्या पारावर निधी तिच्या मैत्रिणीबरोबर, कीर्तनाबरोबर बसली होती. डब्यातला लिंबूभात खात होती. कशावरून तरी दोघी खिदळत होत्या. हेल्मेट घातलेल्या बापाला धावत येताना बघून ती उभी राहिली.

“बाबा? काय झालं?”

त्याने तिचं कपाळ चाचपलं, हात चाचपले. हात कोरडे, ऊबदार होते.

“कशी आहेस?”

“बरी आहे. मघाशी उतरली होती. बोटं गार पडायला लागली, फळ्यावरचं वाचलेलं डोक्यात राहीना. बोट टोचून बघितलं तर सहासष्ट. मग ग्लुकोजच्या गोळ्या खाल्ल्या, थोड्या वेळाने परत बघितलं. मॅडमना सकाळीच सांगून ठेवलं होतं. कीर्तनाला पण.”

“नाउ इट्स फाइन, अंकल,” कीर्तना म्हणाली.

उपेंद्र पारावर बसला. निधीने दप्तरातून फोन काढून त्याच्यापुढे धरला. फोन नुकताच बंद होऊन परत चालू झाला होता. अ‍ॅप उघडल्यावर एकच ओळ आली, या फोनवर हे अ‍ॅप चालत नाही.

तेवढ्यात हेमलताचा फोन आला. तिचा आवाज चढलेला होता.

“अगं, ठीक आहे ती. माझ्यासमोर बसलीय,” उपेंद्र म्हणाला. “या डबड्याने आपोआप अपडेट घेतलं आणि सगळं बंद पाडलं. संध्याकाळी पहिलं काम, नवा फोन. रात्रीच्या आत सगळं परत चालू करून टाकतो.”

“बाबा,” निधी म्हणाली, “आपोआप नाही झालं.”

उपेंद्रने मोबाइल कानापासून दूर केला. “चुकून दाबलंस?”

निधीने नकारार्थी मान हलवली. कीर्तनाने डबा उचलला आणि ती हळूच नळाकडे गेली. मोबाइलमध्ये हेमलता हॅलो, हॅलो करत होती.

“मुद्दाम दाबलं,” निधी म्हणाली. “तुझा फोन यायच्या आत साखर उतरल्याचं माझं मला कळतं का, ते एकदा बघायचं होतं.”