कच्चा मोतीबिंदू

पुंजाजीनं तोंडातला खडा ताटाच्या कडेला ठेवला. "वरणात आजबी खडा. दिसत नाई काय तुले?" "नाई दिसत," बायको म्हणाली. "तीन वर्सांपासून सांगून राह्यली." "मोतीबिंदू पिकल्याबिगर काढत नाईत. तुहा कच्चा हाय अजून." "मंग तुमचा पंधरा दिवसांत अकोल्याले कसा काढला?" "मले मोटारसायकल चालवा लागते. तुले तं घरातच राहाचं हाय." घरात राहून तव्यावर भाजलेली तिची बोटं त्याला कधी दिसली नव्हती. आरोग्य केंद्राच्या आशाताईनं कालच तिला सांगितलं होतं, पिकायची वाट पाहायची नसते; कामं अडली की ऑपरेशन करायचं. तिनं चाचपडत सूप ओढलं, त्यात उद्याची डाळ ओतली आणि ते त्याच्या मांडीवर ठेवलं. "रिसोडच्या शिबिरात नाव देलं म्या. सोमवारी आशाताईसंगं चालली. आजपासून डाय तुमी निवडत जा." "मी?" "हो. तुमाले तं दिसते."