मेसमधली फौज

“दुपारच्या आत फाटक मोकळं कर, संध्याकाळी तुझ्या रिलीजवर सही करतो,” एवढं बोलून मॅनेजर मजीदने फोन ठेवला.

ओवैस आखातातल्या एका कामगार कॅम्पचा सुपरवायझर. रिलीज म्हणजे दुसऱ्या कंपनीत जायची मोकळीक. एगैलातली एक कंपनी त्याला फॅमिली व्हिसा द्यायला तयार होती, पण महिनाअखेरपर्यंतच. श्रीवर्धनला बायको असमा वाट बघत होती. आणि लेक अदिबा, जिला त्याने अजून फोनवरच पाहिलं होतं.

फाटकात अख्खा कॅम्प बसला होता. ऐन जुलैत खोल्यांमधले एसी बंद. ते सुरू झाल्याशिवाय मीना अल-अहमदी बंदरावर कामाला नेणाऱ्या बसमध्ये कुणी पाय ठेवणार नव्हतं.

ओवैसने हिशेब मांडला. पोलिस बोलवावेत तर बभ्रा. बाहेरची माणसं आणावीत तर वेळ नाही. उरले मेसवाले. रोज ताटात वाढणाऱ्यांच्या अंगावर हे लोक धावून जाणार नाहीत.

“विठ्ठल, रोमच्या राज्यात गुलामांनी बंड केलं, तेव्हा फौज लांब गुंतलेली. सरदारांनी सापडेल त्याच्या हातात भाला दिला. एका शहरात तर मालक घरच्याच गुलामांना म्हणाले, बंडवाल्यांना हाकला, तुम्ही मोकळे. आणि त्यांनी हाकललं!”

“म्हणजे आम्ही गुलाम होय?” विठ्ठल आचारी हसला. “आणि साहेब, आमच्या हातात काय देता? झारा?”

“रिलीज. सगळ्यांना.”

वरून आलेलं वचन मेसच्या डाळीसारखं. माणसं वाढली की पाणी घालून पुरवायचं. पण विठ्ठलचं हसू थांबलं. सलवातलं एक हॉटेल त्याला केव्हापासून बोलावत होतं.

एप्रन घातलेली फौज फाटकावर गेली. विठ्ठल एकेकाच्या बगलेत हात घालून उठवत होता. शिव्या पडल्या, एकजण रडला, पण हात कुणी उचलला नाही. दुपारच्या आत बसगाड्या सुटल्या.

संध्याकाळी ओवैसने फोन लावला.

“कसला रिलीज?” मजीद भलताच खूश होता. “मेसवाले सुटले तर रांधणार कोण? आणि तू? अरे, आज तर तुझी किंमत कळली. असा माणूस कोण सोडतो?”

मेसमध्ये विठ्ठल तांदूळ धूत होता. ओवैसचं तोंड बघून त्याने नळ बंद केला.

“साहेब, त्या गुलामांना सोडलं का हो शेवटी?”

“नाही. वरच्या हाकिमाने वचन मोडलं.”

“मग?”

“मग ते बंडवाल्यांना जाऊन मिळाले.” ओवैसने मान खाली घातली. “सकाळी एवढं सांगायचं राहिलं.”

दुसऱ्या दिवशी फाटकात पुन्हा माणसं बसली. पुढच्या रांगेत एप्रन.

“कुणालाही धर! माणसं जमव!” मजीद फोनवर ओरडत होता. ओवैसने मागे वळून पाहिलं. मागे कुणी उरलंच नव्हतं. त्याने फोन खिशात टाकला. खिशातही तो ओरडतच होता.

विठ्ठलने बाजूच्याला कोपराने ढोसलं.

“सर रे जरा. ओवैसभायना सावलीत जागा दे.”