पोटातली भट्टी

दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकताच लाल दिवा लागला आणि एसटी ड्रायव्हर मुरलीधर कोल्हे ओशाळून उभा राहिला. उभ्या आयुष्यात त्याने दारूला हात लावला नव्हता.

"इथेनॉलच्या कारखान्यात जाणं-येणं आहे का?" डेपो मॅनेजर सरोदेबाईंनी विचारलं.

त्या कारखान्यातलं नवं यीस्ट कापसाच्या पऱ्हाटीचं आणि गवताचं इंधन करत असे. ते पोटात गेलेल्या कामगारांना साध्या पालेभाजीनेही दारू चढत होती, कारण भाजीची दारू पोटातच होत होती. यीस्ट कुंपणाबाहेर जाणार नाही, अशी हमी कारखान्याने दिली होती.

"मी तिकडे कधी फिरकलोसुद्धा नाही, बाई. रात्री मेथीची भाजी खाल्ली, तेवढीच."

"घरी कोणाला त्रास?"

"धाकटी सकाळी अडखळत चालत होती. आम्हाला ताप वाटला. तिला निजवून आलो." बोलता बोलता त्याने फाटकाकडे पाहिलं.

मशीन बिघडलं असेल, या आशेने बाईंनी दुसरं मशीन काढलं आणि स्वतःच त्यात फुंकलं. लाल दिवा लागला. स्टँडवर प्रवासी खोळंबले होते. बाईंनी शेजारच्या जिल्ह्यातल्या डेपोला फोन लावला आणि दोन ड्रायव्हर मागितले.

"आमच्याकडे सकाळपासून एकही गाडी सुटलेली नाही," पलीकडचा माणूस जड जिभेने म्हणाला. "मीच तुम्हाला फोन करणार होतो."

बाईंनी वळून पाहिलं. मुरलीधर फाटकाबाहेर पोहोचला होता, आणि पाय नीट पडत नसतानाही घराच्या दिशेने पळत होता.