फोटोपुरतं
आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात सहा कॉम्प्युटर आहेत आणि ते वर्षभर चादरींखाली झोपलेले असतात. तपासणी समिती आली की प्राचार्य चादरी काढायला लावतात, मुलं बसवून फोटो घेतात आणि पुन्हा सगळं झाकायला सांगतात. झाकायचं काम ग्रंथपालाचं, म्हणजे माझं. परवा फोटोसाठी बसवलेल्या मुलांत मोहोळकडची सुकन्या होती. तिच्या घरी मेंढरं आहेत. "नुसता माउस धरून बसा," प्राचार्यांनी बजावलं. ती हळूच मला म्हणाली, "मॅडम, आमच्या मेंढ्यांची पिल्लं पोटातच का मरत्यात, ते हितं घावंल का?" मी म्हटलं, "आख्खा प्रश्न टाकू नकोस. त्यातले कामाचे शब्द तेवढे निवड." मेंढी, गर्भपात, सोलापूर. तिने तीनच शब्द इंग्रजीत टाकले आणि एकेचाळीस शोधनिबंध समोर आले. तेवढ्यात समिती चहाला गेली. पाच मुलं उठली. "झाला की फोटो! ऊठ," प्राचार्य खेकसले. पडद्यावरून नजर न हलवता ती म्हणाली, "सर, माझं व्हायचंय की अजून." ते माझ्याकडे वळले. "मॅडम, झाका ते. तुमची नेमणूक मार्चपर्यंतच आहे, लक्षात आहे ना?" लक्षात होतं. मी चादर उचलली आणि सुकन्याला म्हटलं, "जरा ऊठ." तिचं तोंड उतरलं, पण ती उठली. मी चादरीची जाड घडी घातली आणि तिच्या खुर्चीवर ठेवली. "बस आता. खुर्ची टणक आहे, आणि एकेचाळीस वाचायला वेळ लागतो."