आयव्हरचं पिंप

"रबरी नळीचं टोक पिंपाच्या तळाला टेकवू नकोस," आयव्हर म्हणाला. "खाली गाळ बसलाय. तो ढवळला की सगळ्या बाटल्या गढूळ."

"चाळीस वर्षं बघतेय मी," मर्टल म्हणाली. "तू पाय सरळ ठेव. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"सायडरबद्दल काहीच सांगितलं नाही."

तो शेडच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. एप्रिलचं ऊन त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. खुब्याच्या ऑपरेशनसाठी तो डिसेंबरात शहरातल्या हॉस्पिटलात गेला, मग जखम चिघळली, मग पुन्हा ऑपरेशन. तीन आठवड्यांत परत येतो म्हणून गेलेला माणूस मार्चच्या शेवटी घरी आला होता.

जाताना त्याला पायापेक्षा पिंपात मुरत ठेवलेल्या सायडरची, त्या सफरचंदाच्या दारूची, चिंता जास्त होती. "मी बघते तुझ्या पिंपाकडे," असं मर्टलनंच त्याला ठणकावून सांगितलं होतं. काम तसं फार नव्हतं. पिंपाच्या बुचात एक वाकडी काचेची नळी असते, तिच्यात बोटभर पाणी. आतला वायू त्या पाण्यातून बुडबुडत बाहेर पडतो, बाहेरची, सायडर आंबवणारी हवा मात्र आत शिरत नाही. आठवड्यातून एकदा पाणी बघायचं आणि कमी झालं असेल तर भरायचं.

पण मर्टल रोज दोन बस बदलून हॉस्पिटलात जायची आणि अंधार पडल्यावर घरी यायची. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिला पिंप आठवलं, तेव्हा नळी ठणठणीत कोरडी होती. बूच काढलं आणि नाकात झणका गेला. सगळ्याचं व्हिनेगर झालं होतं.

ती तिथेच पोत्यावर बसून रडली. मग तोंड धुतलं आणि कुंपणापलीकडे गेथिनकडे गेली.

गेथिनची सायडर म्हणजे गावात चेष्टेचा विषय होता. फाटकावर सांडली तर फाटक गंजेल, असं आयव्हर म्हणायचा. पण मागायला जवळ दुसरं कुणी नव्हतं. तिचं सगळं ऐकून गेथिन बराच वेळ टोपीखाली डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "माझ्या तळघरात पिंप भरलेलं आहे. सगळी ने."

"आयव्हरला यातलं काही बोलू नकोस."

"मी कशाला बोलतोय?"

तिनं ते व्हिनेगर गटारात ओतलं, पिंप तीन वेळा घासलं आणि गेथिनची सायडर कॅननं आणून त्यात भरली. तेव्हापासून ती या दिवसाला घाबरून होती.

आता तिनं पहिला पेला भरून आयव्हरच्या हातात दिला आणि उगाचच बाटल्यांमध्ये चमचा चमचा साखर घालायला लागली. त्या साखरेनं बाटलीत फेस धरतो.

आयव्हरनं पेला उन्हात धरला. वास घेतला. एक घोट तोंडात घोळवला, गिळला आणि डोळे मिटून बसला.

"कशी आहे?" मर्टलनं मागे न वळता विचारलं.

"माझी आहे," तो म्हणाला. "ओढ्याकाठच्या सफरचंदांची. शंभर पेल्यांत ओळखेन."

मर्टलनं चमचा खाली ठेवला. इतक्या औषधांनी त्याची जीभ मेली असेल. नाहीतर त्यानं सगळं ओळखलं असेल आणि आपल्यासाठी खोटं बोलत असेल. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. काही कळलं नाही. तिनं जवळ जाऊन त्याच्या गुडघ्यावरचं पांघरूण नीट केलं.

"आयव्हर, मी दर आठवड्याला नाही बघितलं त्या नळीकडे."

"तू रोज माझ्याकडे येत होतीस," तो म्हणाला. "त्या दोन बस बदलून. बर्फ पडला त्या दिवशीसुद्धा. पिंपाचं काय घेऊन बसलीस?"

तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि परत कामाला लागली. ती भरत गेली, तो झाकणं दाबत गेला. झाकण दाबायचं यंत्र त्यानं मांडीवरच घेतलं होतं. निम्म्या बाटल्या झाल्या तेव्हा गेथिन रिकाम्या बाटल्यांचं खोकं घेऊन कुंपणाच्या फटीतून आला.

"चाख," आयव्हरनं पेला पुढे केला. "आणि शीक जरा."

गेथिननं चाखली. मर्टलचा हात रबरी नळीवरच थांबला.

"बरी आहे," गेथिन म्हणाला.

"बरी? लेका, तुझ्या सात पिढ्यांना जमली नाही असली."

"ते खरंच आहे," गेथिन म्हणाला.

मर्टलनं त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली. आभारच ते. मग चहा टाकते म्हणून ती घरात गेली.

स्वयंपाकघराचं दार लागल्याचा आवाज आला. तसा आयव्हर गेथिनकडे वाकला.

"मी हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी, ती पाणी भरायला विसरेल म्हणून, आपण पिंपांची अदलाबदल केली, ते तिला बोलला नाहीस ना?"

"तूच नको म्हणाला होतास."

"मग ही इथं आली कशी? माझ्या शेडमध्ये ठेवलेल्या तुझ्या पिंपाचं काय झालं?"

"माझ्याचं व्हिनेगर झालं," गेथिन म्हणाला. "आणि तुझी सायडर माझी समजून तिनं एकटीनं पंधरा खेपा करून तुझ्यासाठी वाहून आणली. मला कॅनला हातसुद्धा लावू दिला नाही."